गाडीसाठी पॉलिश, सीलंट की वॅक्स? नवीन माणसाने निवड कशी करायची

पॉलिश, सीलंट आणि वॅक्स, तिन्ही बाटल्यांवर साधारण एकच लिहिलेलं असतं, आरशासारखी चमक, आणि नवीन माणूस तिथेच गोंधळतो. खरं म्हणजे पॉलिश पेंटवरून काहीतरी काढतं, तर सीलंट आणि वॅक्स पेंटवर काहीतरी चढवतात. एवढं डोक्यात बसलं की अर्धी निवड झालीच. उरलेली अर्धी तुमच्या गाडीला आत्ता काय हवंय त्यावर ठरते, म्हणून आधी गाडी नीट बघायची आणि मगच खरेदीला जायचं.

पायरी १: गाडी धुवा, मग पेंट तपासा

धुतल्याशिवाय काहीच कळत नाही. चांगल्या कार शॅम्पूने धुऊन पूर्ण कोरडी करा. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हलकेच बोटं फिरवा, नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पेंट पिशवीतून खरखरीत लागतो. ती खरखर म्हणजे पेंटला चिकटलेले लोखंडाचे बारीक कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक वगैरे. हे पॉलिशने घासून काढायचं नसतं, त्यासाठी आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण विरघळायला लागले की हा जांभळा होतो) आणि त्यानंतर क्ले बार (पेंटवर घासली की चिकटलेली घाण उचलून घेणारी मऊ मातीसारखी वडी), तोही भरपूर लुब्रिकंट, म्हणजे वडी सरकायला लागणारा द्रव, मारूनच. हे सगळं तसंच ठेवून वर वॅक्स लावलं तर घाण खाली कोंडली जाते आणि वॅक्सही नीट धरत नाही.

आता गाडी सावलीत घ्या आणि मोबाइलचा टॉर्च पेंटवर मारा. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेषा दिसल्या तर ते स्वर्ल, म्हणजे चुकीच्या पद्धतीने धुतल्या-पुसल्यामुळे पडलेले बारीक ओरखडे. एखादा चरा मोठा वाटला तर त्यावरून आडवं नख फिरवा, नख अडकत असेल तर तो पॉलिशने जाण्यातला नाही, त्याच्या नादाला लागू नका.

पायरी २: पॉलिश लागतंय का ते ठरवा

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण नुकसान होतं ते याच पायरीवर. बहुतेक आधुनिक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बऱ्याचदा माणसाच्या केसाहूनही पातळ. गाडीची चमक त्याच्यावर असते आणि उन्हापासून रंगाचं रक्षणही तोच करतो. पॉलिशमध्ये अगदी बारीक घासणारे कण असतात, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे, ते या थराचा वरचा अंश खरवडून पृष्ठभाग सपाट करतात आणि म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. खरवडलेला थर पुन्हा पेंट केल्याशिवाय परत येत नाही. त्यामुळे दर महिन्याला हौसेने पॉलिश करणं अजिबात बरोबर नाही, आणि पेंट आधीच चांगला असेल तर ही पायरी सरळ सोडून द्या, खरंच.

लागतच असेल तर साधारण तीन प्रकार दिसतील. कंपाउंड सगळ्यात जास्त कापतं, मीडियम पॉलिश मधलं, आणि फिनिशिंग पॉलिश सगळ्यात सौम्य, ते हलके स्वर्ल आणि धूसरपणा काढतं. पहिल्यांदा फिनिशिंग पॉलिशच घ्या आणि बरोबर मऊ फोमचं पॅड. पॅडच्या रंगावर जाऊ नका, कारण एका कंपनीचं मऊ पॅड काळं तर दुसऱ्या कंपनीचं दुसऱ्याच रंगाचं, पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. पॉलिश तेच ठेवून नुसतं पॅड बदललं तरी कापण्याची ताकद बरीच बदलते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

मग टेस्ट स्पॉट, म्हणजे आधी एका छोट्या जागी करून बघणं. बॉनेटवर साधारण दीड-दोन फुटांचा चौकोन घ्या, पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, आणि उभे-आडवे हात एकमेकांवर येतील असे फिरवा. उरलेलं पुसून पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो भाग परत पुसा. हे पुसणं टाळू नका, कारण पॉलिशमधलं तेल ओरखड्यांमध्ये भरून बसतं आणि सगळं गेल्यासारखं दिसतं, मग दोन धुण्यांत ओरखडे परत हजर. पुसल्यावरही टॉर्चखाली समाधान झालं तर तेच कॉम्बिनेशन बाकी गाडीला वापरा, नाही झालं तरच एक पायरी वर, मीडियम पॉलिश. कंपाउंडची गरज नवीन माणसाला क्वचितच पडावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीन घ्यायचं तर ड्युअल अ‍ॅक्शन घ्या, त्यात पॅड गोल फिरता फिरता जागाही बदलत राहतं. रोटरी एकाच जागी गोल फिरतं, उष्णता पटकन वाढते, आणि कडांवर पेंट पातळ असतो तिथे क्षणात आरपार जाऊ शकतं. हाताने पण करता येतं, फक्त हलके डाग आणि छोटे भागच नीट होतात, पूर्ण गाडीचे स्वर्ल हाताने काढायची अपेक्षा ठेवू नका. आणि मॅट फिनिशची गाडी असेल तर पॉलिश पूर्ण वर्ज्य, तिथे चमकदार ठिपके पडतात आणि ते परत मॅट होत नाहीत.

पायरी ३: सीलंट की वॅक्स

वॅक्समध्ये कार्नोबा सगळ्यात नावाजलेलं, हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारं मेण, ८० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळणारं आणि इतकं कडक की निव्वळ कार्नोबा गाडीला लावताच येणार नाही. म्हणून त्यात तेलं, सॉल्व्हंट, इतर मेणं मिसळतात, त्यामुळे डब्यावर १०० टक्के कार्नोबा लिहिलंय म्हणून आख्खा डबा कार्नोबाचा आहे असं समजू नका. वॅक्सची चमक खोल, ओलसर दिसते, गडद रंगांवर तर फारच सुंदर, पण टिकतं साधारण एक ते दोन महिने, कडक ऊन आणि वारंवार धुणं असेल तर त्याहून कमी.

सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर. चमक जरा काचेसारखी, पांढऱ्या आणि सिल्व्हर गाड्यांवर छान उठून दिसते, आणि टिकतं साधारण चार ते सहा महिने. रोज उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल, हाताशी वेळ कमी असेल, तर मी विचार न करता सीलंट सांगेन. वॅक्स ज्याला दर महिन्याला गाडीवर हात फिरवायला मनापासून आवडतं त्याच्यासाठी.

दोन्ही हवं असेल तर आधी सीलंट, वर वॅक्स. उलट केलं तर सीलंटला पेंट मिळतच नाही, ते वॅक्सवर बसतं आणि वॅक्सबरोबर निघून जातं.

बाटलीवर क्लीनर वॅक्स किंवा ऑल इन वन लिहिलं असेल तर त्यात घासणारे कण असतात, म्हणजे थोडं पॉलिश थोडं संरक्षण, जुन्या रोजच्या गाडीला एका फेरीत काम उरकायला ठीक, पण दर महिन्याला लावायची ती वस्तू नाही. सिरॅमिक लिहिलेले स्प्रे म्हणजे सिलिका मिसळलेले स्प्रे सीलंट, वापरायला सोपे आणि चांगले, मात्र पेंटवर कडक थर होऊन बसणाऱ्या खऱ्या सिरॅमिक कोटिंगशी त्यांची तुलना नाही, आणि ते कोटिंग सुरुवातीला हातात घेऊ नका, चुकीचं सुकलं तर घासूनच काढावं लागतं. गाडी नुकतीच रंगवून आणली असेल तर पेंट पूर्ण सुकेपर्यंत वॅक्स-सीलंट नको, किती दिवस ते रंगवणाऱ्यालाच विचारा, बऱ्याचदा ३० ते ९० दिवस सांगतात.

पायरी ४: लावायचं कसं

सावली, थंड पत्रा, आणि थर पातळ. जाड थराने जास्त संरक्षण मिळत नाही, फक्त पुसताना हात दुखतात आणि पांढरे पट्टे राहतात. वॅक्स पुसायची वेळ झाली का बघायला त्यावरून एक बोट ओढा, खालून स्वच्छ चमकदार पेंट दिसला तर पुसा, ओशट फराटा उमटला तर अजून थांबा. सीलंटला पुसल्यानंतरही बसायला वेळ लागतो, बरेचसे १२ ते २४ तास मागतात, तोवर पाणी लागू देऊ नका आणि वॅक्सही त्यानंतरच. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आधी मास्किंग टेप लावा, तिथे वॅक्स सुकलं की पांढरे डाग काढता काढता नाकी नऊ येतात. पुसायचं मायक्रोफायबरचं कापड जमिनीवर पडलं तर ते बाजूला, धुतल्याशिवाय पेंटला लावायचं नाही, आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको.

परत कधी लावायचं हे पाणी सांगतं. धुताना थेंब गोल घट्ट उभे राहायच्या ऐवजी पसरट व्हायला लागले, पाणी पत्र्यावर रेंगाळायला लागलं, की आधी एकदा आयर्न रिमूव्हर मारून बघा, कधीकधी नुसती घाण बसलेली असते आणि थेंब परत गोल होतात. तरीही नाही झाले तर नवीन थर द्या, पॉलिशची बाटली मात्र कपाटातच राहू द्या.