डिझेल पिकअपसाठी एअर फिल्टर निवडताना या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळ कांदा भरून लासलगावच्या बाजार समितीकडे निघालेल्या पिकअप गाड्या शेतरस्त्यावर एकामागे एक लागल्या, की पहिली गाडी सोडून बाकी सगळ्या पुढच्या गाडीने उडवलेल्या फुफाट्यातूनच वाट काढत असतात. चालक काच वर करून घेतो. इंजिनाला ती सोय नसते. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल ही झडप हवा मोजून आत सोडते, पण डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः डिझेलच्या मात्रेवर कमी-जास्त होते आणि हवा मात्र ते जवळजवळ पूर्ण छातीने ओढत राहते. बोलेरो पिकअपसारख्या गाडीतले 2523 सीसीचे इंजिन मिनिटाला 2500 फेऱ्यांवर चालत असेल, तर हवा दाबून आत भरणाऱ्या टर्बोचा हिशेब न धरताही ते मिनिटाला सुमारे 3000 लिटर हवा घेते. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला निदान 10,000 लिटर हवा लागते आणि प्रत्यक्षात डिझेल इंजिन त्याहून बरीच जास्त ओढते. एवढ्या हवेतली धूळ अडवण्याचे काम दुकानात काही शे रुपयांना मिळणाऱ्या कागदाच्या घडीवर सोपवलेले असते, म्हणून त्या घडीची निवड किंमत विचारून संपू नये.

जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, हा समज

निवडीतली सर्वांत महागडी चूक या समजातून होते. धुऊन पुन्हा वापरता येणारे, तेल लावलेल्या सुती कापडाचे फिल्टर ‘इंजिन मोकळा श्वास घेईल’ असे सांगून विकले जातात. गाडीचा मूळ कागदी फिल्टर स्वच्छ असताना इंजिनाला हवेची टंचाई मुळात नसतेच, त्यामुळे मोकळ्या फिल्टरने हाती लागणारी ताकद मालवाहू पिकअपमध्ये जाणवण्याइतकी नसते. उलट हवा जिथून सहज जाते, तिथून बारीक धूळही सहज जाण्याचा धोका वाढतो. डोळ्यांना दिसणारे खडे कोणताही फिल्टर अडवतो. खरा त्रास 5 ते 20 मायक्रॉनच्या कणांचा असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाडीचा धरला, तर या कणांचा आकार लक्षात येईल. या धुळीतला गारेचा (क्वार्ट्झचा) अंश सिलिंडरच्या बिडाच्या लायनरपेक्षा कितीतरी कठीण असतो आणि तो पिस्टन रिंग आणि लायनर यांच्यामधल्या तेलाच्या थरात शिरला, की पॉलिश पेपरसारखे काम करतो. ही झीज एका फेरीत दिसत नाही. काही महिन्यांनी गाडी तेल खाऊ लागते, ब्रीदरमधून (इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो, चढावर दम कमी पडतो, आणि तोवर फिल्टरची आठवण कोणालाही राहिलेली नसते.

फिल्टरची धूळ अडवण्याची क्षमता आयएसओ 5011 या प्रमाणित चाचणीने मोजतात. एखाद्या कंपनीने ही टक्केवारी दिली असेल, तर ती उलट बाजूने वाचावी. 99 आणि 99.5 यांत अर्ध्या टक्क्याचाच फरक वाटतो. पण फिल्टरवर 1000 ग्रॅम धूळ आली, तर पहिला 10 ग्रॅम आत सोडतो आणि दुसरा 5 ग्रॅम. म्हणजे इंजिनाच्या वाट्याला येणारी धूळ थेट निम्म्यावर येते.

या तेल लावलेल्या एअर फिल्टरबाबत आणखी एक अडचण आहे. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण मानकांच्या अनेक गाड्यांत आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो. धुतल्यानंतर हात सैल सोडून लावलेले तेल हवेबरोबर त्या सेन्सरच्या नाजूक तारेवर बसते आणि मोजमाप चुकू लागते. मग डिझेलची मात्रा, ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) यांचा ताळमेळ बिघडतो.

नुसता आकार जुळवून घेणे

जुना फिल्टर दुकानदारापुढे ठेवून ‘असाच द्या’ म्हणणे ही आपली सवय आहे. एकाच नावाच्या पिकअपच्या बीएस-4 आणि बीएस-6 आवृत्त्यांत फिल्टरचा डबा वेगळा असू शकतो आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरक काउंटरवर दिसत नाही. शिवाय पुढे ठेवलेला जुना फिल्टरच मागच्या खेपेला चुकीचा बसवलेला असेल, तर ती चूक नव्याने विकत घेतली जाते. म्हणून गाडीची पुस्तिका किंवा चासी नंबर यावरून पार्ट नंबर काढावा आणि तोच सांगून माल घ्यावा.

हातात घेतल्यावर घड्या सारख्या अंतरावर आहेत का, त्या बोटाने दाबल्यावर एकमेकींना चिकटून तर बसत नाहीत ना, कडेचे रबर सर्वत्र एकसंध आणि लवचिक आहे का, हे पाहावे. स्वस्त नकली फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या कमी असतात. त्यामुळे धूळ साठवायला जागा कमी पडते आणि फिल्टर लवकर चोंदतो. खडी क्रशरवर किंवा जांभ्याच्या खाणीवर चालणाऱ्या गाडीला तर मुद्दाम घड्यांचे क्षेत्रफळ जास्त असलेला फिल्टर हवा. मात्र तो त्याच डब्यासाठी बनवलेला असला पाहिजे.

फिल्टर नवा, पण डबा गळका

इथे गॅरेजवाल्यांचेही अनेकदा दुर्लक्ष होते. उत्तम फिल्टर बसवला, पण त्याच्या रबरी कडेवर जुन्या धुळीचा थर राहिला, डब्याची एक क्लिप तुटलेली म्हणून तारेने आवळली किंवा डब्यापासून टर्बोकडे जाणाऱ्या होजला चीर गेलेली असली, तर हवा सोपी वाट धरते आणि फिल्टरला वळसा घालून आत जाते. तपासायला कसलेही यंत्र लागत नाही. फिल्टर काढल्यावर स्वच्छ बाजूच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढरे कापड गुंडाळलेले बोट फिरवावे. कापडावर मातीचा रंग उमटला, तर नुसता नवा फिल्टर घालून झाकण लावू नये. आधी गळती शोधावी. नळीच्या आत धुळीची रेघ दिसत असेल, तर तिच्या मागावर गेल्यास बहुधा गळतीची जागा सापडते. टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजलेल्या दिसल्या, तर हे बरेच दिवस चालू आहे असे समजावे.

काही डब्यांच्या तळाशी चोचीसारख्या तोंडाचा रबरी तुकडा असतो. इंजिन मंद चालताना तो उघडझाप करून जड धूळ आणि पाणी खाली टाकतो. तो फाटला किंवा हरवला, की खालून धूळ ओढली जाते आणि फिल्टर निम्म्या वेळात भरतो. किरकोळ किमतीचा हा तुकडा मिस्त्रीकडून परत बसवून घ्यायला विसरू नये.

पंक्चरच्या दुकानात हवा मारणे

काळजीपोटी होणारी चूक ही आहे. फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला, की तो थर स्वतःच बारीक कण अडवू लागतो; म्हणजे थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा चांगली गाळणी असतो. दर चार दिवसांनी तो काढून झटकणारा मालक ही गाळणी पुन्हा पुन्हा कमकुवत करतो आणि प्रत्येक वेळी डबा उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पाडतो. टायरसाठी ठेवलेल्या कंप्रेसरचा दाब 100 पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. कागद साफ करायला साधारण 30 पीएसआय ही वरची मर्यादा धरली जाते. जवळून सोडलेल्या जोरदार झोताने कागदाला पडलेली सूक्ष्म छिद्रे दिसत नाहीत, मात्र धुळीला ती पुरतात. कंपनीच्या पुस्तिकेत साफसफाईला परवानगी असेल तरच कमी दाबाने, अंतर राखून, आतून बाहेर हवा मारावी. डब्यात आतला दुसरा, सुरक्षा फिल्टर असेल तर त्याला हातच लावू नये. तो साफ करायचा नसतो, ठरलेल्या मुदतीला बदलायचा असतो.

मग बदलायचा केव्हा? पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा डांबरी रस्ता मनात धरून दिलेला असतो आणि धुळीच्या भागासाठी बहुतेक ठिकाणी वेगळी, कमी मुदत सांगितलेली असते. ती ओळ वाचावी. डब्यावर चोंदल्याची खूण दाखवणारा छोटा सूचक असेल, तर किलोमीटरपेक्षा त्याचे ऐकावे. पावसाळ्यात ओला झालेला कागदी फिल्टर मात्र उन्हात वाळवून परत घालू नये, कारण भिजलेला कागद सुजतो, घड्या चिकटतात आणि जोराच्या ओढीने तो फाटू शकतो.

काळा धूर आला की फिल्टरच दोषी?

चढावर काळा धूर, मंदावलेली गाडी आणि घसरलेले ॲव्हरेज ही चोंदलेल्या फिल्टरची लक्षणे खरीच. बीएस-6 गाडीत काजळी वाढून डीपीएफही लवकर भरतो. पण टर्बो आणि त्यातून येणारी गरम हवा थंड करणारा इंटरकूलर यांच्यामधला होज फाटला, ईजीआर अडकला किंवा इंजेक्टर गळू लागला, तरी नेमका असाच धूर येतो. नवा, योग्य नंबरचा फिल्टर घालूनही धूर तसाच राहिला, तर पुन्हा दुसऱ्या कंपनीचा फिल्टर आणून पाहण्यात पैसे घालवू नयेत. आधी इंटरकूलरच्या होजवर तेलाचे ओघळ आणि चिरा शोधाव्यात, मग बाकीची तपासणी करून घ्यावी. फिल्टर काढून ‘फरक पडतो का’ ते पाहायला गाडी रस्त्यावर नेणारे मिस्त्री आजही भेटतात. त्यांना तिथेच थांबवावे. नवा फिल्टर बसवताना त्याच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी गॅरेजमध्ये अंदाजाने बोलावे लागत नाही.