टाचांच्या भेगांसाठी कोकमतेलाचं मलम

आजी कोकमतेलाचा गोळा (तिच्या भाषेत भिरंडेल) दिव्यावर धरायची आणि थेंब थेट भेगेत. चटका बसायचाच! मी त्याचं मलम करते.

२० ग्रॅम कोकमतेल किसून घ्या. त्यात २५ ग्रॅम खोबरेल, ५ ग्रॅम मधमाशांचं मेण. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा. थेट गॅसवर नको. वाटीत पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका.

आता वाटी बाहेर काढून निवू द्या, घाई नको. कडेला दुधावरच्या सायीसारखा पांढुरका पापुद्रा धरला, की लॅव्हेंडरचं इसेन्शियल ऑइल १० थेंब. उकळत्यात टाकलं तर वास उडून जातो. पहिल्या खेपेला माझा गेलाच. जास्तही नको, त्वचा चुरचुरते. आधी कोपराच्या आत लावून दिवसभर बघा.

रात्री पाय धुऊन, कोरडे करून चोळा, वर जुने मोजे. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टर.