मॉडेलरमधून दणकट मेटल टोन कसा काढायचा

हेडफोन लावून घरात वाजवलं तर एकदम भारी, आणि कॉलेजच्या गॅदरिंगला ड्रम सुरू झाले की गिटार गायब, ही तक्रार लातूर, नांदेड, संभाजीनगर सगळीकडची पोरं करतात आणि सगळे मशीनलाच दोष देतात. मशीन म्हणजे मॉडेलर, अँप, स्पीकर आणि पेडलच्या आवाजाची नक्कल करणारा डबा, आणि तो चांगलाच असतो हो. आजचा स्वस्तातला मॉडेलरसुद्धा मेटलला पुरून उरतो, फक्त कंपनीने आत भरून दिलेला 'मेटल' नावाचा प्रीसेट (तयार सेटिंग) वापरू नका, कारण तो एकट्या गिटारीवर भारी वाटावा म्हणून केलेला असतो, गेन (आवाज फाडायचं प्रमाण) भरमसाठ, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) खाल्लेले, वर रिव्हर्ब (घुमारा). बँडमध्ये नेमकं याच्या उलटं लागतं. म्हणून रिकामा प्रीसेट उघडा आणि एकेक ब्लॉक स्वतः लावत चला.

आधी गिटार आणि लाईट

तारा जुन्या असतील तर पुढचं काहीच वाचू नका, आधी तारा बदला. स्टँडर्ड ट्यूनिंगला ०१०-०४६ चा सेट चालतो, ड्रॉप सी ला (सहावी तार सी पर्यंत उतरवलेलं ट्यूनिंग) जायचं असेल तर खालच्या तारा जाड घ्या, ०५२ वगैरे, नाहीतर सहावी तार लोळते आणि सूर हलतो. पिकअप ब्रिजचा, शक्यतो हंबकर (दोन कॉइलचा, गुणगुण कमी करणारा). पिक जाड, १ मिमीच्या पुढचा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दिवसभर कोरडी झळ आणि रात्री कूलरची दमट हवा, यात गिटारीची मान हलते आणि तारांना गंज चढतो, त्यामुळे गिटार कूलरसमोर ठेवायची नाही आणि उन्हाळा लागला की सेटअप एकदा तपासून घ्यायचा.

आता गुणगुण. हाय गेनवर ५० हर्ट्झचा हम लई वाढतो. वाजवताना कूलर, पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर एकेक बंद करून बघा, लॅपटॉप जोडला असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, कोण गुणगुणतंय ते लगेच सापडतं. आणि अर्थिंग बघाच. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, माती कोरडी झाली की अर्थिंग कमजोर होतं, तिथं पाणी ओतायला पाहिजे हे घरात कुणाच्या लक्षातच राहत नाही. हम जावा म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे पण असतात, ते कधीच करू नका भावांनो. जनरेटरवरच्या मंडपात तारांवर हात असताना माईकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर तिथंच वाजवणं थांबवा आणि लाईटवाल्याला बोलवा.

अँप आणि कॅब

रिकाम्या प्रीसेटमध्ये फक्त दोन ब्लॉक, अँप आणि कॅब (स्पीकरचा डबा). अँपची नावं कंपन्या बदलून लिहितात पण मागं बहुतेक ठराविकच असतात: १९९२ मध्ये आलेला पीव्ही ५१५०, मेसा बूगीचा ड्युअल रेक्टिफायर, आणि मार्शलचा जेसीएम८००. टाईट आणि चावरा आवाज पाहिजे तर ५१५०, जाड आणि रुंद पाहिजे तर रेक्टिफायर, जुन्या वळणाचा थ्रॅश पाहिजे तर जेसीएम८०० ला समोरून बूस्ट देऊन. मी नवीन माणसाला ५१५० च सांगतो, त्यात बिघडवायला जागा कमी आहे.

सुरुवातीला गेन ४ किंवा ५, बास ४, मिड ६, ट्रेबल ५, प्रेझेन्स ५. मिड ६ बघून पोरं नाराज होतात, पण गिटार राहतेच मिडमध्ये. खाली बास गिटार आणि किक, वर झांजा, मधली जागा तुमची, ती पण सोडली तर ऐकू येणार काय?

आणि हे सगळं मोठ्या आवाजात लावायचं. हळू आवाजात आपल्या कानाला बास आणि वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो, म्हणून रात्री घरचे झोपल्यावर बसून आपण दोन्ही वाढवून ठेवतो, मग तोच प्रीसेट स्टेजवर खाली घुमतो आणि वर कानात टोचतो. घरासाठी वेगळा प्रीसेट आणि स्टेजसाठी वेगळा, हे दोन ठेवाच.

आता कॅब, म्हणजे मॉडेलरमधला आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स). माझं ठाम मत आहे की अँप बदलून जेवढा फरक पडत नाही तेवढा आयआर बदलून पडतो, तरी लोक महिनाभर अँपच फिरवत बसतात. आयआर म्हणजे एखादा स्पीकर, त्याच्यासमोरचा माईक आणि त्या माईकची जागा, या सगळ्याचा एकत्र ठसा. मेटलसाठी ४×१२ चा कॅब, सेलेशन व्हिन्टेज ३० स्पीकर आणि शुअरचा एसएम५७ माईक, हे शोधा. माईक स्पीकरच्या बरोबर मध्यावर असेल तर आवाज धारदार येतो आणि कडेला सरकेल तसा मऊ होत जातो, म्हणून आवाज करकर करत असेल तर ट्रेबलला हात लावायच्या आधी माईक जरा कडेला असलेला आयआर लावून बघा. एकच रिफ लूपरमध्ये (वाजवलेलं परत परत ऐकवणारा ब्लॉक) भरा, डोळे मिटा आणि पाच-सहा आयआर बदलत ऐका, यापेक्षा चांगला अर्धा तास या कामात दुसरा नाही.

मॉडेलर गिटारच्या अँपमध्ये लावणार असाल तर कॅब ब्लॉक बंद, कारण तिथं खरा स्पीकर आहेच. मिक्सर, हेडफोन, साऊंडकार्ड यात कॅब चालू. "दादा, आवाज नुसता माशी भिनभिनल्यावानी येऊलालाय" असं कुणी म्हणालं की मी पहिलं हेच विचारतो, आणि बहुतेक वेळा कॅब बंदच असतो.

समोर ट्यूब स्क्रीमर

अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर लावा, हिरवा पेडल, सगळ्या मॉडेलरमध्ये असतो. ड्राईव्ह शून्यावर, लेव्हल जवळजवळ फुल्ल, टोन मध्ये. याचं काम आवाज फाडायचं नाहीच. या पेडलच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी होत जातो, त्यामुळे अँपमध्ये शिरण्याआधीच ढिला बास गळतो आणि पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर ठेवून वाजवलेले दबके सूर) घट्ट होतात. चालू-बंद करून सहाव्या तारेवर पाम म्यूट वाजवा, फरक हाताला पण जाणवतो. यामुळे अँपचा गेन अजून थोडा खाली आणता येतो, आणि आणाच. जोरात दाबून वाजवल्यावर आणि हळू वाजवल्यावर फरक ऐकू आला पाहिजे, कॉर्डमधले सूर वेगवेगळे कळले पाहिजेत.

नॉईज गेट (वाजवत नसताना गुणगुण बंद करणारा ब्लॉक) सगळ्यात पुढं, ट्यूब स्क्रीमरच्याही आधी. गिटारचा व्हॉल्यूम फुल्ल ठेवून तारा हाताने दाबून धरा, थ्रेशोल्ड (किती हळू आवाज झाला की गेट बंद व्हायचा ती पातळी) हळूहळू वाढवा, आवाज बंद झाला की थांबा. मग एक सूर लांब धरून बघा, शेपूट मध्येच तुटत असेल तर थोडं मागं या. तुटक रिफसाठी अजून साफ शांतता पाहिजे तर अँपनंतर दुसरा हलका गेट लावा.

शेवटी ईक्यू

कॅबनंतर ईक्यूमध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा आणि ८-९ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. सहाव्या तारेचा ई असतोच ८२ हर्ट्झला, त्याच्या खाली बासवाल्याचं राज्य. एकट्याने ऐकलं तर आवाज बारीक झाल्यासारखा वाटेल, वाटू द्या, ड्रम आणि बाससोबत ऐका मग बोला. तरी चरचर राहिली तर एक अरुंद बँड वाढवून ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये फिरवा, जिथं जास्त कानाला लागेल तिथं तोच बँड ३-४ डेसिबलने खाली घ्या. खाली गुरगुर असेल तर हेच २००-४०० मध्ये. रिदमला रिव्हर्ब नको, लीडला थोडा डिले पुरे.

स्टेजवर आपल्याकडचे साऊंडवाले बहुतेक मोनोच चालवतात, तेव्हा लेफ्ट-मोनो आउटपुटमधूनच वायर द्या आणि स्टिरिओ रुंद करणारे इफेक्ट बंद करा, नाहीतर अर्धा टोन गायब. वायर लांब जाणार असेल तर डीआय बॉक्स (लांब वायरवर गुणगुण न येता आवाज मिक्सरपर्यंत नेणारी डबी) मागा. साऊंडचेकला सगळ्यात जड रिफ वाजवा आणि साऊंडवाल्या काकांना नम्रपणे सांगा की गिटारच्या चॅनलवर बास वाढवू नका, कारण ऑर्केस्ट्राच्या सवयीने हात तिकडं जातो.

रेकॉर्ड करताना रिदम दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडं, एक पूर्ण उजवीकडं. कॉपी-पेस्ट करू नका, तोच टेक दोन्हीकडं टाकला तर तो मधूनच ऐकू येतो, रुंदी येते ती दोन टेकमधल्या बारीक फरकामुळे. आणि दोन टेक घेताना गेन अजून एक पॉइंट कमी करा, दोन गिटारींचा मिळून आपोआप भरतो.