स्किमर उतू जातोय? आधी संपमधली पातळी बघा

गुऱ्हाळात उसाचा रस उकळायला लागला की वर मळी जमते आणि ती झाऱ्याने सतत काढावी लागते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रोटीन स्किमर हेच काम करतो, फक्त आचेऐवजी हवेने. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात उतरलेले सेंद्रिय पदार्थ बुडबुड्यांना चिकटतात, फेसाबरोबर स्किमरच्या मानेतून, म्हणजे वरच्या अरुंद नळीतून, वर चढतात आणि तिच्यावरच्या कपात पडतात. कुजून त्यांचा अमोनिया आणि पुढे नायट्रेट होण्याआधीच ते टाकीबाहेर जातात. घरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत हे जमत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. मीठ असलं की ते बारीक राहतात.

नवीन स्किमर घेतलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते, ‘नीट लागतच नाही’. नव्वद टक्के वेळा, निदान माझ्या बघण्यात, दोष यंत्राचा नसतो. दोष पाण्याच्या पातळीचा असतो, किंवा दर तासाला व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या हाताचा.

पातळी पक्की करा

संप म्हणजे मुख्य टाकीखालच्या कपाटात ठेवलेली, कप्पे असलेली छोटी टाकी. स्किमर संपमध्ये किती खोल पाण्यात उभा राहायला हवा, ते त्याच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. साधारण १५ ते २५ सेंटीमीटरच्या आसपास. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की संपमध्ये सगळ्यात आधी रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत वरच्या टाकीत चढवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात पातळी उतरते. त्यामुळे स्किमर त्या कप्प्यात ठेवू नका. आडवी काच असलेल्या, पातळी कायम राहणाऱ्या कप्प्यात ठेवा. पाणी जास्त खोल असेल तर खाली ॲक्रिलिकचा पाट द्या. बाहेर दोन सेंटीमीटरचा फरक पडला तरी आत फेसाची जागा बदलते.

आता व्हॉल्व्ह

बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून स्किमर चालू करा. नव्या स्किमरच्या प्लास्टिकवर कारखान्यातलं तेलकटपण असतं. म्हणून पहिले काही दिवस, कधी दोन आठवडेही, तो लहरीपणे वागतो: फेसच येत नाही, नाहीतर एकदम कप भरतो. या काळात त्याला त्याच्या हालावर सोडा.

मग व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत आतली पातळी वर आणा. पाणी संपून फेस सुरू होतो ती रेषा मानेच्या तळाशी आली की थांबा. पुढचा बदल दुसऱ्या दिवशी. एका वेळी एकच गोष्ट बदला. हवा आणि पाणी दोन्ही एकदम फिरवलंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

रेषा वर ठेवली तर कपात कोऱ्या चहासारखं पातळ पाणी येतं, खाली ठेवली तर काळपट, घट्ट, उग्र वासाचा गाळ. मला मधलं, कडक चहाच्या रंगाचं बरं वाटतं. पातळ काढायचं असेल तर एक लक्षात ठेवा: कपातून खारं पाणी जातं आणि त्याची भरपाई तुम्ही गोड्या पाण्याने करता. खारटपणा हळूहळू उतरतो. म्हणून घनता १.०२५ च्या आसपास आहे ना, ते तपासत राहा.

अचानक बिघडलं तर

प्रवाळ चिकटवायची इपॉक्सी पुट्टी किंवा क्लोरीन घालवणारं औषध पाण्यात गेलं की स्किमर दुधासारखा उतू जातो. मी एकदा रात्री पुट्टी लावून झोपलो आणि सकाळी कपाट धुतलं. अशा वेळी कप काढून ठेवा किंवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. एक-दोन दिवसांत शांत होतं. उलट तेलकट खाणं घातलं किंवा पाण्यात हात घातला की फेस बसतो. काही तासांत तो परत येतो, काही करू नका. दिवस उलटूनही आला नाही तर हवेच्या नळीचं तोंड बघा. तिथे मीठ साचलेलं असतं. कोमट पाण्याने मोकळं होतं.

लाईट जाण्याचा त्रास वेगळाच. पंप थांबला की वरच्या टाकीतलं पाणी संपमध्ये उतरतं. लाईट आली की स्किमर त्या वाढलेल्या पातळीत सुरू होतो आणि कप भरून वाहतो. रिटर्न पंपानंतर दहा मिनिटांनी स्किमर सुरू होईल असा टायमर लावा.

टाकीत बारीक बुडबुडे दिसत असतील तर

स्किमर अर्धा तास बंद ठेवा. बुडबुडे गेले तर ते त्याचेच. नवा असेल तर काही दिवसांत आपोआप कमी होतात. नाही झाले तर त्याच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला जाड स्पंज लावा (दर तीन-चार दिवसांनी धुवायचा), किंवा पाणी एका काचेवरून, दुसरीच्या खालून आणि पुन्हा तिसरीवरून जाईल अशा तीन काचा संपमध्ये बसवून घ्या. स्किमर बंद करूनही बुडबुडे येत राहिले तर रिटर्न पंप हवा ओढतोय. त्याच्या कप्प्यातलं पाणी वाढवा आणि पंपाकडे पाणी नेणाऱ्या पाइपचे जोड तपासा.

स्वच्छता

मानेच्या आत चिकट थर बसला की फेस वर चढत नाही, तिथेच फुटतो. दर दोन-तीन दिवसांनी मान पुसा. दोन-तीन महिन्यांनी पंप सोडवून पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवा, म्हणजे चाकावरचा चुना सुटेल. हात घालण्यापूर्वी प्लग काढा. आणि कप भांड्यांच्या साबणाने कधीच धुवू नका, नाहीतर फेस येईल, पण साबणाचा.