पोस्ट-रॉकचा पहिला अल्बम नागपुरात रेकॉर्ड करायचा तर

नागपूरच्या महाल भागात, गच्चीवरच्या खोलीत मी बँड रेकॉर्ड करतो. पोस्ट-रॉक वाजवणारे पोट्टे आले की पहिला प्रश्न शेवटच्या कडकडाटाचा असतो: तो भारी कसा वाजेल? मी म्हणतो, आधी तुमचा सगळ्यात हळू भाग वाजवून दाखवा. या संगीतात गाणारा बहुधा नसतो, सगळी मदार आवाजाच्या चढउतारावर असते. स्कॉटलंडच्या मोग्वाईने १९९७ साली ‘यंग टीम’ हा पहिला अल्बम १६ मिनिटांच्या ट्रॅकवर संपवला. तो चांगल्या हेडफोनवर, व्हॉल्यूमला हात न लावता ऐका आणि मगच माझ्याकडे या.

हळू भाग जपायचा म्हटलं की आपल्याकडे पहिली अडचण कूलरची. पंखा, पाण्याची मोटर, वाळ्याच्या ताटीतून टपटपणारं पाणी, सगळं माइकमध्ये येतं आणि सिंगल-कॉइल पिकअपची (तारांचा आवाज टिपणारं एकाच गुंडाळीचं चुंबक असलेली) गिटार जवळच्या मोटरची घरघरही उचलते. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असताना कूलर बंद ठेवून ड्रमर किती वेळ वाजवणार? शिवाय कोरड्या हवेत लाकूड आकसतं, गिटारची मान हलते, सूर टिकत नाही. म्हणून तारखा दिवाळीनंतर, फेब्रुवारीच्या आत घ्या. उन्हाळ्यातच करायचं असेल तर हळू भागाचे टेक, म्हणजे एकेक सलग रेकॉर्डिंग, पहाटे घ्या, आणि प्रत्येक टेकआधी पुन्हा ट्यून करा. तान्ह्या पोळ्याला महाल-इतवारीत रेकॉर्डिंग ठेवूच नका. काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्या दिवशी रस्ता आपला नसतो. माइक घेऊन खाली उतरा, अल्बमसाठी आवाज मिळतील.

लेव्हल लावताना बँडला सगळ्यात जोरातला भाग वाजवायला सांगा. मीटरवर आवाजाचं टोक उणे ६ डीबीच्या (आवाजाची पातळी मोजायचं माप; शून्याला आवाज फाटतो) आसपास आलं की नॉब तिथेच सोडा. हळू भाग स्क्रीनवर अगदी बारीक रेघ दिसेल, दिसू द्या. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये इतका हळू आवाजही नीट टिपायला तेवढी जागा असते. घरघर येत असेल तर आधी आर्थिंग तपासा, मग लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा.

ड्रमला चार माइक पुरतात: किक, स्नेअर आणि वर दोन. वरचे दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. मी सुतळीने मोजतो. अंतर चुकलं तर स्नेअर पातळ पडतो आणि मिक्सिंगमध्ये कितीही घासा, भरत नाही.

क्लिकवरून, म्हणजे हेडफोनमध्ये ठोके देणाऱ्या टिकटिकीवरून, बँडमध्ये भांडणं होतात. माझं मत ठाम आहे: चढत जाणारा भाग एकाच टेम्पोत बांधू नका. आधी क्लिकशिवाय सगळे मिळून वाजवा, वेग कुठे वाढतो ते ऐका आणि तसाच टेम्पो-मॅप (कुठे किती वेग याचा आराखडा) करा, समजा मिनिटाला ७२ ठोक्यांवरून ७६. मग डिले, म्हणजे सुराचा ठराविक वेळाने येणारा प्रतिध्वनी, त्याच्याशी जुळवा. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाच्या ठोक्यांनी) भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. ७२ ला ८३३. त्याचा पाऊण, म्हणजे ६२५, हा डॉटेड एट्थ, म्हणजे पाऊण ठोक्याचा स्वर. हा डिले लावला की साधी चार सुरांची फ्रेजही स्वतःभोवती विणली जाते. टेम्पो बदलला की डिलेही बदला, नाहीतर पुढचे थर चिखल होतात. रिव्हर्बमधला, म्हणजे खोलीसारख्या घुमाऱ्यातला, बेसचा खालचा भाग मी कापूनच टाकतो.

मास्टरिंगवाल्याला, म्हणजे अल्बमला शेवटचा हात फिरवणाऱ्याला, स्पष्ट सांगा: लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) दाबून आवाज चढवू नको. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला ट्रॅक उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणतं, म्हणजे ठोकून मोठा केलेला अल्बम तिथे खालीच ओढला जातो आणि चढउतार मात्र फुकट जातो. अख्खा अल्बम सलग वाजवला तर ट्रॅकमधला मूळ फरक ते राखतं. एकमेकांत मिसळणारे ट्रॅक एकाच सेशनमध्ये सलग मांडा आणि कापणी शेवटी करा, म्हणजे मध्ये टिचकी येत नाही.

छापायच्या प्रतींची चिंता नको. एक्स्प्लोजन्स इन द स्कायचा पहिला अल्बम २००० साली ३०० सीडी-आरवरच (घरी कॉपी करता येणाऱ्या कोऱ्या सीडींवर) निघाला होता. तुम्ही १०० काढा, आणि कव्हरवर रेकॉर्डिंगची जागा ‘नागपूर’ अशी ठळक छापा.