सोसायटीचा हिशोब गूगल शीटवर
मेंटेनन्सची शीट कुणाच्या वैयक्तिक खात्यावर नको. सोसायटीच्या नावाने वेगळं जीमेल काढा, म्हणजे खजिनदार बदलला तरी कागद जागच्या जागी. त्या खात्यासोबत मिळणारी फुकटची १५ जीबी जागा पावत्यांच्या स्कॅनला पुष्कळ होते.

मग ‘शेअर’ दाबा. चेअरमन-सेक्रेटरी ‘एडिटर’, म्हणजे बदल करू शकणारे; बाकी सगळे ‘कॉमेंटर’, म्हणजे फक्त शेरा लिहू शकणारे. शंका त्या रकान्यावरच लिहा म्हणावं, ग्रुपवर वाद नको! सरसकट सगळ्यांना एडिटर केलंत, तर कुणीतरी लिफ्टमध्ये मोबाइल चाळता चाळता फ्लॅट ३०२ची थकबाकी पुसणारच. पुसलीच तर संगणकावर ‘फाइल’मधली ‘व्हर्जन हिस्ट्री’ उघडा. कोणी, कधी, काय बदललं ते दिसतं, जुनी प्रतही परत आणता येते. ‘एनीवन विथ द लिंक’, म्हणजे लिंक असलेल्या कुणालाही शीट खुली, असं मात्र मी कधीच ठेवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक कुठवर फिरेल, नेम नाही.