होडीतली बॅटरी आणि वायरिंग : या चुका टाळा

होडीतला दिवा मंद झाला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं, 'बॅटरी गेली.' लगेच सोलापूर गाठून नवी बॅटरी आणली जाते आणि दोन महिन्यांत दिवा परत मिणमिणतो. उजनी धरणाच्या बॅकवॉटरवर शिडाची छोटी होडी ठेवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : पैसे बॅटरीवर घालण्याआधी वायर, जोड आणि फ्यूज बघा. बहुतेक दुखणी तिथेच सापडतात.

घरातली जुनी बॅटरी होडीत बसवणं

इन्व्हर्टर बदलला की जुनी ट्यूब्युलर बॅटरी होडीत जाते. 150 अँपिअर-अवरच्या (किती करंट किती तास मिळेल याचं माप) अशा बॅटरीचं वजन 50 ते 60 किलो भरतं. वारा भरून होडी एका अंगाला कलली की झाकणातून ॲसिड बाहेर येतं आणि तळातल्या पाण्यात मिसळतं. गाडीची बॅटरीही या कामाची नाही. ती स्टार्टरला दोन-चार सेकंद दणकून करंट देण्यासाठी बनवलेली असते. रात्रभर हळूहळू उतरवत राहिलात तर थोड्याच महिन्यांत ती बसते.

आधी गरज मोजा. डोलकाठीवरचा एलईडी दिवा 0.3 अँपिअर घेतो असं धरा. दहा तासांचे 3 अँपिअर-अवर होतात. दोन मोबाइल चार्ज करायला सुमारे 4 आणि पाणी उपसणारा पंप अर्धा तास चालला तर अडीच. म्हणजे दिवसाला जेमतेम साडेनऊ. लेड-ॲसिड (शिसं आणि ॲसिडची नेहमीची) बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही हे धरलं तरी दोन दिवसांना 40 अँपिअर-अवरची सीलबंद, मेंटेनन्स-फ्री डीप सायकल (हळूहळू खोलवर उतरवण्यासाठी बनवलेली) बॅटरी पुरते. लिथियम आयर्न फॉस्फेट घेतलीत तर याहून लहान चालेल आणि वजनही खूप कमी. एवढंच ध्यानात ठेवा, की लिथियम दिवा मंद करून इशारा देत नाही. आतलं संरक्षक सर्किट एकदम पुरवठा तोडतं.

बॅटरी होडीच्या मध्याजवळ आणि खाली ठेवा, पण तळातलं पाणी तिला लागता कामा नये. पट्ट्याने आवळून बांधा. होडी कलली म्हणून जागची हलली तर ती बांधलेली नाही असंच समजा.

बारीक वायर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं सविस्तर. बॅटरी मागे, पंप पुढे, मधे 5 मीटर अंतर. पण करंट जातो आणि परतही येतो, म्हणून वायर 10 मीटर धरायची. पंप 5 अँपिअर घेत असेल तर 1 स्क्वेअर एमएमच्या (तारेची जाडी याच मापात सांगतात) वायरमध्ये जवळपास 1 व्होल्ट वाटेतच खर्च होतो. 2.5 मध्ये 0.4 आणि 4 स्क्वेअर एमएममध्ये 0.25. घरच्या 230 व्होल्टमध्ये एक व्होल्ट गेल्याचं कळतही नाही, 12 व्होल्टमध्ये मात्र पंप रडत चालतो. पंप आणि दिशादर्शक दिव्यांसाठी घट 3 टक्क्यांच्या आत, म्हणजे 0.36 व्होल्टच्या आत ठेवतात. तेव्हा या पंपाला 4 चीच वायर घ्या.

वायर बारीक तारांची, लवचिक हवी. घरात भिंतीत घालतात ती एकसंध तारेची वायर होडीच्या हादऱ्यांनी आतल्या आत तुटते. कलई केलेली तांब्याची वायर मिळाली तर उत्तमच. 'उजनीचं पाणी गोडं आहे, गंज कुठला चढतो?' असं ऐकायला मिळतं. पण जुनी वायर सोलून बघा. टोकापासून वीतभर आत तांबं काळं पडलेलं दिसेल. दमट हवा एवढं काम करतेच.

जोड पिळून वर टेप गुंडाळू नका. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये टेपचा डिंक पाघळतो, टेप सुटतो आणि जोड उघडा पडतो. योग्य मापाचं थिंबल (वायरच्या टोकाला बसणारं धातूचं टोक) घ्या, ते चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबा (पक्कडीने नाही) आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवा. मग वायर हाताने जोरात ओढून बघा. निसटली तर ती आत्ता निसटलेली बरी.

फ्यूज नसणं किंवा भलत्या जागी असणं

फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो पॉझिटिव्ह टर्मिनलपासून 18 सेंटिमीटरच्या आत हवा. स्विचबोर्डाजवळ बसवला तर बॅटरी ते बोर्ड एवढी वायर उघडीच राहिली, आणि शॉर्ट झालं तर आग तिथेच लागते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्याला होडीत हात लावू देऊ नका. घरचा एसी एमसीबीही (आपोआप पडणारा स्विच) चालत नाही, डीसीसाठीचाच घ्या. पंपाला मुख्य स्विचच्या आधीच, स्वतंत्र फ्यूज देऊन थेट बॅटरीवरून लाइन द्या. होडी बंद करून घरी गेलात तरी फ्लोट स्विचने (पाणी चढलं की आपोआप लागणाऱ्या) तो चालू व्हायला हवा.

दिवा मंद झाला तर

दिवा चालू ठेवूनच मल्टिमीटर लावा. आधी बॅटरीवर मोजा. 12.4 आहे आणि दिव्याच्या टोकांवर 11.5? मग बॅटरी ठीक आहे, 0.9 व्होल्ट वाटेत अडकलाय. मीटरची एक सळई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर ठेवा, दुसरी फ्यूज, स्विच, जोड अशी पुढे सरकवत न्या. आकडा जिथे एकदम चढेल तिथे दोष आहे. निगेटिव्ह बाजूही अशीच तपासा, ती बघायचं बरेच जण विसरतात. भार काढून काही तास ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी 12.7 च्या आसपास दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी.

उन्हाळा आणि मायनसमधलं धरण

तापमान 10 अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून बॅटरीच्या पेटीला सावली आणि वर हवा जायला भोकं ठेवा. साध्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजनही वरूनच बाहेर पडतो. धरण मायनसमध्ये (उपयुक्त साठ्याच्या खाली) गेलं की होड्या गाळात पडून राहतात आणि आतली बॅटरी उतरत उतरत सल्फेट धरते (प्लेटांवर कडक थर बसतो). त्याआधीच ती काढा, पूर्ण चार्ज करून घरात गार जागी ठेवा आणि दर महिन्याला एकदा चार्ज करा. पाणी भरायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, आरओचं नाही. होडीवर सोलर पॅनल असेल तर पावसाळ्यात परत बसवताना सोलर कंट्रोलरला (पॅनलवरून चार्जिंग सांभाळणारा डबा) आधी बॅटरी जोडा, पॅनल त्यानंतर.